चिंचेखालची कबर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. छपाईसाठी किंचित काटछाट केली आहे.)



मला निमंत्रण देताना चिटणीस साहेबांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर शिक्षणाविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि तेहतीस वर्षे शाळेत मराठी शिकविल्यामुळे ते मला सोपेही गेले असते. परंतु सेवानिवृत्तीनंतर मी जे काम हाती घेतले ते कब्रस्तानातले आहे. संमेलनाच्या आनंदाच्या दिवशी हा विषय कोठून काढला, असे ज्यांना वाटेल त्यांनी मला क्षमा करावी. त्यात तुमच्या शाळेचाही संबंध कसा येतो ते पुढे कळेलच.

माझे वडील 1914 साली या गावात जन्मले. तेव्हा गावाचे नाव चांदा होते. ते चार वर्षांचे असताना, 1918 च्या ऑक्टोबरात, त्यांची आई वारली. इन्फ्लुएन्झाची ती साथ किती भयंकर होती हे तुम्ही पुस्तकांत वाचले असेल; हिंदुस्थानात ज्या प्रांतांना तिचा फार मोठा तडाखा बसला त्यांत आपला मध्यप्रांत होता. अब्बांना त्या दिवसाच्या दोनच गोष्टी आठवत. कोणाच्या तरी खांद्यावर बसून त्यांनी गर्दी पाहिली ही एक, आणि जवळच चिंचेचे मोठे झाड होते ही दुसरी.

पुढे मी मोठा झाल्यावर शबे-बरातला ते मला परकोटाबाहेरच्या जुन्या कब्रस्तानात घेऊन जात. चिंचेपासून पंधरा-वीस पावले चालत, थांबत आणि दुआसाठी हात उचलीत. मी विचारी, "दादीची कबर कोणती?" ते म्हणत, "इथेच कुठेतरी आहे. तू दुआ कर, पोचवणारा पोचवतो." एवढ्यावर त्यांचे समाधान होते किंवा तसे ते दाखवीत. 1991 साली ते वारले. त्यांना नव्या कब्रस्तानात दफन केले. आजारपणात एकदा मात्र ते म्हणाले होते की, अम्माच्या पायथ्याशी जागा मिळाली असती तर बरे झाले असते. ती जागा मी त्यांना देऊ शकलो नाही. जुन्या कब्रस्तानात दफन करणे तेव्हा बंद झाले होते हे खरे. पण कोणी परवानगी दिली असती तरी मी बोट कोठे दाखविणार होतो? चिंच त्याच्या बारा-तेरा वर्षे आधीच कोणी तोडून नेली होती.

हे मनात राहिले. शाळा, संसार, मुलींची लग्ने यांत ते मागे पडले. निवृत्त झाल्यावर एके दिवशी विळा घेऊन मी त्या कब्रस्तानात गेलो.

तुमच्यापैकी अनेकांचे पूर्वज अशाच एखाद्या जुन्या कब्रस्तानात आहेत. म्हणून तेथे काय दिसते आणि काय दिसत नाही हे जरा सविस्तर सांगतो. पहिली गोष्ट, कबरच दिसत नाही. रायमुनिया, सीताफळीची झुडपे आणि तरोटा यांनी जमीन झाकलेली असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन महिने तेथे जाऊच नये, साप असतात. माघ-फाल्गुनात गवत वाळते तेव्हा जावे. वाळलेले गवत पेटवून देण्याचा मोह होतो, तो टाळावा. आपल्याकडच्या कबरींचे जुने दगड बहुतांशी वालुकाश्माचे आहेत, परकोट ज्या दगडाचा बांधला आहे तसेच. आगीने ते तडकतात आणि त्यांचे पापुद्रे निघतात. अक्षरे त्या पापुद्र्यावरच असतात. तारेचा ब्रश आणि तेजाबही लावू नये. आणि चुना तर मुळीच नको. आपल्या लोकांनी भक्तिभावाने दरवर्षी चुना लावून जितकी नावे बुजविली तितकी पावसानेही बुजविली नसतील. दगडावर साधे पाणी शिंपडावे आणि सकाळी, ऊन तिरपे असताना, बाजूने पाहावे. दुपारी कोरा वाटणारा दगड सकाळी सात वाजता वाचता येतो.

वाचता आले नाही तरी दगड काही सांगतोच. आपल्या देशात कबर उत्तर-दक्षिण असते. डोके उत्तरेस आणि चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे पश्चिमेस. जुन्या पक्क्या कबरींवर मध्यभागी लांबट उंचवटा असेल तर ती पुरुषाची समजावी. त्याला कलमदान म्हणतात. वर सपाट पाटी असेल तर ती स्त्रीची. तिला तख्ती म्हणतात. मोगलांच्या काळापासूनचा हा संकेत आहे. लेखात कधी कधी आकड्यांत साल नसते, एक ओळ असते आणि तिच्या अक्षरांची बेरीज केली की साल निघते. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार, असा तो अब्जदचा हिशेब. बिस्मिल्लाच्या जागी 786 लिहिण्याची आपली सवय याच हिशेबातून आली आहे. गणिताच्या शिक्षकांनी मुलांना एक तास याचा दिला तर मुलांना गंमत वाटेल.

परंतु हे सारे पक्क्या कबरींचे. माझे आजोबा आराकस होते. आलापल्लीच्या जंगलातून आलेल्या सागाचे लठ्ठे चिरण्याचे काम करीत. त्यांच्या घरच्या मय्यतीवर दगड कोण लावणार? शिवाय कबर साधी ठेवावी अशीच आपल्या धर्माची शिकवण आहे. कच्ची कबर दोन-तीन पावसाळ्यांत बसते. दहा-पंधरा वर्षे कोणी माती चढविली नाही तर जमीन सपाट होते आणि पुढे त्याच जागी दुसरी मय्यत उतरते. यात कोणाचा अपराध नाही. पण शोधणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे, नाही तर तो चार दिवसांत निराश होऊन घरी बसेल. मी बसलो होतो.

उठविले नातीने. ती महाविद्यालयात शिकते. मुलींनी कब्रस्तानात जावे की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत. मला आज तो वाद घालावयाचा नाही. मी आत मोजमाप घेई आणि ती फाटकाबाहेर सावलीत बसून नोंदी उतरवून घेई. ती म्हणाली, "दादाजी, जमिनीत नसेल तर कागदात शोधू या."

कागद कोठे असतात ते तुम्हीही लिहून घ्या. आपल्या विदर्भात खेड्यातील जन्म-मृत्यूची खबर कोतवाल ठेवीत असे आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यात जाऊन नोंद करवीत असे. त्या 'कोतवाल बुका'च्या नकला आज लोक जातीच्या दाखल्यासाठी काढतात. आजीचा मृत्यू पाहण्यासाठी क्वचितच कोणी मागतो. गावकऱ्यांचे जमीनविषयक हक्क आणि वहिवाट पाहावयाची तर बंदोबस्ताचे नकाशे, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहेत. 1982 च्या 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्या भागातील माणसाचा जुना कागद चंद्रपुरात असण्याचा संभव असतो. सिरोंच्याची गोष्ट आणखी निराळी. 1874 पूर्वी सिरोंचा हे अपर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. राजुरा तर 1956 पर्यंत हैदराबादकडे, आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथील जुने कागद उर्दूत. इकडचे जुने कागद मोडीत किंवा बाळबोधीत. म्हणजे या जिल्ह्यात आजोबाचा शोध घेणाऱ्यास मोडीही यावी लागते आणि उर्दूही. आपल्या शाळेतील मुलांना उर्दू येते. मोडी शिकावयास तीन महिने पुरतात, हे मी अनुभवाने सांगतो.

आम्हांला 1918 ची नोंदवही पाहावयास मिळाली. कोणत्या कार्यालयात आणि किती हेलपाटे घालून, ते सांगण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर महिन्याची पाने इतर महिन्यांच्या मानाने कितीतरी अधिक होती. आधी अक्षर सुबक, पुढे घाईचे, शेवटी शेवटी रेघोट्यांसारखे. लिहिणाराही थकला असेल किंवा आजारी पडून दुसरा आला असेल. मृत्यूचे कारण ओळीने एकच, 'ताप'. नातीचे बोट एका ओळीवर थांबले. माझ्या आजोबांचे नाव होते. जात मुसलमान, वय 22, कारण ताप. मयताच्या नावाच्या रकान्यात आजोबांच्या नावापुढे एकच शब्द होता, 'बायको'.

नात म्हणाली, "दादाजी, हिला नाव नव्हते?"

मला उत्तर देता आले नाही. कारण त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की नाव मलाही ठाऊक नव्हते. अब्बा तिला अम्मा म्हणत. आम्ही दादी म्हणत होतो. आजोबांनी दुसरा निकाह केला, त्या दुसऱ्या दादीचे नाव घरात सर्वांना माहीत, कारण तिने आम्हांला वाढविले. पहिलीचे नाव कोणी उच्चारले नव्हते. सत्तर वर्षांचा होईपर्यंत मी जिची कबर शोधीत होतो, तिचे नावच मी कधी विचारले नव्हते. त्याच पानावर इतर स्त्रिया पाहिल्या. हिंदू असो, मुसलमान असो, गोंड असो, बहुतेकींचे तेच. कोणाची बायको, कोणाची मुलगी, कोणाची आई.

आता कबरीचा शोध बाजूला राहिला आणि नावाचा शोध सुरू झाला. येथे तुम्हांला एक उपयोगी गोष्ट सांगतो. मृत्यूच्या नोंदीत स्त्रीचे नाव नसेल, पण दोन ठिकाणी ते असावेच लागते. एक निकाहनामा, वधूच्या नावाशिवाय निकाह लिहिता येत नाही. दुसरे, हिस्सेवाटणीचा कागद. आपल्या शरियतीत मुलीचा वारसाहक्क आहे. तो तिला प्रत्यक्षात किती वेळा मिळाला हा प्रश्न विचारू नका. पण तो सोडून द्यावयाचा असला तरी कागदावर तिचे नाव आणि निशाणी घ्यावीच लागते. हक्क बुडविणाऱ्यांनीसुद्धा अशी नावे जपून ठेवली आहेत, हे नवलच म्हणावयाचे.

दादीचे माहेर वर्धा नदीपलीकडे, राजुऱ्याकडचे, एवढे ऐकून होतो. निकाहाची वही तेथे मिळाली नाही, ती वाळवीने खाल्ली होती. तिच्या भावाच्या वंशातील एका घरात एक पत्र्याची पेटी निघाली. घरमालकांनी पेटी उघडून दिली, चहा दिला आणि सांगितले की आम्हांला उर्दू वाचता येत नाही, तुम्हीच पाहा. त्यांची मुले मराठी शाळेत शिकलेली. पेटीत निजामाच्या स्टॅम्पाचा एक कागद होता. घराच्या वाटणीचा. भावांची नावे, त्याखाली दोन बहिणींची नावे आणि प्रत्येकीपुढे अंगठा. धाकटीपुढे तिच्या नवऱ्याचे नाव होते, आमच्या आजोबांचे.

सनाच्या जागी 1326 होते. मी हिजरी समजून हिशेब केला. हिजरी सनातून त्याचे तीन टक्के वजा करावेत आणि 622 मिळवावेत, म्हणजे इसवी सन साधारण निघतो. तसे केले तर 1908 येत होते. त्या साली दादी दहा-बारा वर्षांची असणार. मग नवऱ्याचे नाव कसे? दोन दिवस मी समजत होतो की ही दुसरीच कोणी. मग आमच्या एका उर्दूच्या शिक्षक मित्राने हसून सांगितले की निजामाकडचा सरकारी कागद फसली सनाचा असतो, त्यात 590 मिळवा. 1326 फसली म्हणजे 1916 च्या आसपास. तेव्हा ती वीस वर्षांची. सारे जुळले. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून मुद्दाम सांगितली.

ते नाव मी येथे घेत नाही. ते आमच्या घरच्या वहीत लिहिले आहे. पण अंगठ्याविषयी सांगतो. काळ्या शाईचा, जरा आडवा पडलेला ठसा आहे. कडेला रेषा फिसकटल्या आहेत, बहुधा अंगठा उचलताना हात हलला असावा. शंभर वर्षांनंतरही मधल्या रेषा मोजता येतात. तिचा फोटो नाही, दागिना नाही, कबर नाही. हा ठसा आहे. नातीने त्यावर हात न लावता आपला अंगठा जवळ धरून पाहिला. मला अब्बांची आठवण झाली. अब्बांना हे नाव कळायला हवे होते.

कबरीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चिंचेच्या बुंध्याचा कुजलेला घेर आम्हांला सापडला. तेथून अब्बांच्या पावलांनी माप घेतले. ते माझ्यापेक्षा बुटके होते म्हणून दोन पावले वाढविली. त्या जागी चार उंचवटे आहेत. ते 1918 चे असतील अथवा नंतरचे. कोणी सुचविले की त्यांतील एकावर फरशी बसवा, नाव कोरा, पुढच्या पिढीला आधार होईल. मी नकार दिला. अंदाजाने लावलेला दगड पन्नास वर्षांनी पुरावा होतो आणि त्याखाली दुसऱ्याच कोणाची आई असते. आम्ही चारही उंचवट्यांपुढे उभे राहून फातेहा पढली.

मित्रहो, आपल्या गावात याहून मोठ्या कबरी आहेत. अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजा बीरशाहाची समाधी राणी हिराईने बांधविली. घुमटाची, कमानींची, भव्य. त्याच आवारात राजघराण्यातील इतरांच्या समाध्या आहेत. एकदा मुलांना घेऊन तेथे जा आणि मोठ्या समाधीकडे पाठ करून लहान समाध्या पाहा. ही कोणाची, ती कोणाची, असे मुले विचारतील, आणि दगडावरून उत्तर देता येणार नाही. राजाच्या घरची ही स्थिती. मग आराकसाच्या बायकोचे काय घेऊन बसलात! याउलट भामरागडच्या जंगलात माडिया लोक मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. त्यावर अक्षर नसते. पण गावातील माणसाला विचारा, तो दगडांच्या रांगेपुढे चालत कोणता कोणाचा ते सांगतो. तेथे दगड आठवणीला टेकू देतो आणि आठवण दगडाला. आपल्याकडे दोन्ही सुटले. गोरकन म्हातारे झाले, त्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली. कोण कोठे आहे हे तकियावाल्या बाबांना तोंडपाठ असे. ते गेले आणि त्यांच्याबरोबर सारी वही गेली, कारण ती त्यांच्या डोक्यातच होती.

नदीकाठच्या लोकांना तर घाई करावयास हवी. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीस मिळते. ऑगस्ट 1986 चा गोदावरीचा पूर ज्यांनी पाहिला ते अजून त्याच्याच पट्टीने पाणी मोजतात. जुलै 2022 मध्ये पुन्हा तसेच पाणी आले. काठाजवळच्या कबरी पुरात गाळाखाली जातात, आणि मग तेथे कबर होती हे सांगावयास माणूसच लागतो.

जमिनीविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. कब्रस्तान आपल्या वापरात आहे एवढ्यावर आपण आजवर निश्चिंत राहिलो. 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने केवळ दीर्घ वापरामुळे वक्फ मानण्याची तरतूद पुढील काळासाठी काढून टाकली. जे वक्फ आधीच रीतसर नोंदलेले होते त्यांना ती ठेवली, पण जागेचा वाद नसेल आणि जागा सरकारी नसेल तरच. यावर न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ चालले आहे. ते मी वकिलांवर सोडतो. माझे म्हणणे लहान आहे. आपल्या कब्रस्तानाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः पाहिली आहे? मी कब्रस्तान कमिटीच्या बैठकीत हे विचारले तेव्हा सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मीही पाहिले, कारण तोवर मीही ती पाहिली नव्हती.

म्हणून आम्ही एक वही सुरू केली. तुमच्या शाळेचा संबंध येथे येतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने नववी-दहावीची मुले रविवारी येतात. कब्रस्तानाचे दोरीने पट्टे पाडले आहेत. प्रत्येक कबरीला वहीत क्रमांक. जमिनीवर खूण नाही, कबरीवर पाय नाही. लांबी, दगड की माती, तख्ती की कलमदान, जवळचे झाड, लेख असल्यास त्याची जशीच्या तशी नक्कल. अर्थ लावावयाचा नाही, जे दिसेल ते उतरावयाचे. न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब. बहुतेक कबरींपुढे नावाचा रकाना रिकामा राहतो. तो तसाच ठेवावयाचा, हे मुलांना शिकवायला मला सर्वांत अधिक वेळ लागला. शाळेत रिकामी जागा भरण्याची त्यांना सवय!

वहीचा दुसरा भाग घरी बसून लिहावयाचा आहे आणि तो मुलींनी अधिक चांगला लिहिला. घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे बसून विचारावयाचे, तुमच्या आईचे नाव काय, तिच्या आईचे काय, त्या कोठे दफन आहेत, जवळ काय होते. विहीर, भिंत, कडुनिंब, काहीही. एका मुलीने आणलेल्या कागदावर फक्त एवढेच होते, 'नानीची अम्मा, नाव आठवत नाही, पण ती बल्लारपूरहून पायी येत असे.' मी तो कागद वहीत चिकटविला.

ही वही आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात, डाव्या हाताच्या कपाटात ठेवली आहे. जिल्ह्यातील कोणीही येऊन पाहावी, आपल्या घरची माहिती त्यात लिहावी. हिंदू, ख्रिस्ती वा गोंड बांधवांनी आपल्या पूर्वजांसाठी अशी वही करावयाची ठरविली तर आमची मुले रकाने आखून देतील. जुना उर्दू किंवा मोडी कागद असल्यास मूळ देऊ नका, नक्कल आणा. मूळ कागद घरच्या पेटीतच बरा. शबे-बरातच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही परकोटाबाहेरच्या फाटकाशी जमणार आहोत. विळा घरून आणावा, पायांत बूट असावेत. पाण्याची सोय कमिटीने केली आहे.